पिल्लू राजहंस निघालं नसतं तर?

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि आधी बाई आठवल्या. कोणत्या, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही. शनिवारचा शेवटचा तास त्यांचा, आणि त्या तासाला दप्तरं बंद. उपकार सगळ्याच गुरुजनांचे आहेत, पण लिहायला बसलो की लेखणी बाईंकडेच वळते.

पाचवीत त्यांनी अँडरसनची बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट सांगितली. आम्हाला ती पाठच होती. पिल्लू राजहंस झालं, आम्ही टाळ्या पिटल्या. बाई म्हणाल्या, "आणि ते राजहंस निघालं नसतं तर? कुरूप बदकच राहिलं असतं, तर त्याला टोचलेलं चाललं असतं का?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. बाईंनीही दिलं नाही. घंटा झाली, आम्ही घरी गेलो.

माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. बोलताना तो अडखळे. हजेरीला त्याचा नंबर जवळ आला की मागच्या रांगेत आधीच खुसखुस सुरू व्हायची, आणि त्याच्या तोंडून 'हजर' बाहेर पडायच्या आत चार जण नक्कल करून मोकळे व्हायचे. मी कधी हसलो नाही. पण कधी बोललोही नाही. माझ्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. तोंड उघडलं तर उद्या पाळी माझी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षी बाईंनी अमेरिकन लेखिका एलिनॉर एस्टिसचं 'द हंड्रेड ड्रेसेस' वाचायला घेतलं. पुस्तक इंग्रजी, 1944 सालचं. बाई ओळीवर बोट ठेवून थेट मराठीत सांगत जायच्या. वांडा ही पोलिश मुलगी. तिच्या आडनावाची वर्गात थट्टा व्हायची. रोज एकच विटलेला निळा झगा घालून यायची आणि घरी शंभर झगे आहेत म्हणायची. वर्गातली पेगी तिला चिडवायला रोज तेच विचारायची: घरी झगे किती? पेगीची मैत्रीण मॅडी नुसती उभी असायची. मॅडी स्वतः गरीब, दुसऱ्यांचे जुने कपडे घालणारी, म्हणून गप्प. बाईंनी हे वाचलं तेव्हा मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेजारी तो डोकं बाकावर टेकवून ऐकत होता.

शंभर झगे खरे होते, कागदावर काढलेले. चित्रांना बक्षीस मिळालं तेव्हा वांडा शाळा सोडून गेलेली होती. तिच्या वडिलांचं पत्र आलं होतं: आम्ही मोठ्या शहरात चाललो, तिथं आमच्या आडनावाला कुणी हसणार नाही. मॅडीला मग झोप लागत नाही, पण ज्या मुलीची माफी मागायची ती समोर नाही. एस्टिसबाईंना स्वतःच्या बालपणातल्या अशाच एका वर्गमैत्रिणीची खंत होती आणि त्यातून हे पुस्तक झालं, हे मला फार उशिरा कळलं.

बाईंनी पुस्तक मिटलं. त्या मुलाकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. पुढच्या सोमवारी हजेरीला मागून नक्कल सुरू झाली तेव्हा मी वळून "गप्प बस" म्हणालो. एवढंच. माझा आवाज कापत होता. नक्कल काही एका दिवसात थांबली नाही.

आज मुलांसाठी पुस्तकं निवडणं हेच माझं काम आहे. वेगळ्या मुलांच्या गोष्टी आता पुष्कळ निघतात याचा आनंद वाटतो. पण कित्येक गोष्टींत त्या मुलाला आधी गाण्यात, खेळात किंवा गणितात अव्वल यावं लागतं, मगच इतर त्याला जवळ करतात. ती पुस्तकं मी निवडत नाही. शेवटच्या पानावर 'यातून काय शिकलात?' असा प्रश्न असला, तर तेही नाही. बाईंनी तो आम्हाला एकदाही विचारला नाही. वाचनाचा तास आता वेळापत्रकात नाही असं ऐकलं. फार वाईट वाटलं. तो पुन्हा सुरू करावा, ही कळकळीची विनंती.

बाई आज नाहीत. तो मुलगा सातवीनंतर शाळा सोडून गेला. निमंत्रणासोबत आलेल्या आमच्या तुकडीच्या यादीत मी सर्वांत आधी त्याचं नाव शोधलं. नाव आहे, पुढची जागा कोरी आहे. कुणाकडे त्याचा पत्ता असल्यास समितीमार्फत मला जरूर कळवावा.