दोन बोटं माया

आमच्याकडे सीझन म्हटलं की एकच, नाटकांचा. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते, मंडई म्हटलं की रात्री नाटक, आणि ते जे लागते ते पार होळीपर्यंत, आमच्या झाडीपट्टीच्या गडचिरोली चंद्रपूर भंडारा गोंदिया चारही जिल्ह्यांत एकेका रात्री किती पडदे उघडत असतील त्याची गिनती नाही. नाटक कंपन्यांची ऑफिसं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. मी तिथून जवळच एका खेड्यात लेडीज टेलर आहे, सोळा वर्षं झाली, ब्लाउज आणि पिको-फॉल बारमाही आणि सीझन आला की नाटकवाल्यांचे कपडे. माझ्या पोरीच्या मोबाईलमध्ये दुसरा एक सीझन चालते, सिनेमाच्या अवॉर्डचा, गोल्डन ग्लोब, बाफ्टा, ऑस्कर, तोही जानेवारी ते मार्च, म्हणजे आमच्या घरी दोन्ही एकदमच. मला इंग्रजी येत नाही पण शिलाई येते. त्या रेड कार्पेटवाल्या बायांचे फोटो मी झूम करून करून पाठीमागून बघते, पुढून काय, सगळेच कपडे चांगले दिसतात.

तर ही गोष्ट 11 मार्च 2024 ची, सोमवार.

चार दिवस आधी एका कंपनीचा मॅनेजर दुकानात आला, मोबाईल काढला आणि म्हणे, "ताई, तिसऱ्या अंकात हिरोईनले अवॉर्ड भेटते जी. गावची पोरगी सिनेमात जाते, मोठी होते, आन मंग अवॉर्ड घ्याले येते. असा गाऊन पायजे. मांगं लंबी शेपूट पायजे." फोटो दीपिका पदुकोणचा होता, आदल्या वर्षी ऑस्करच्या स्टेजवर ती नाटू नाटू गाण्याची ओळख करून द्यायला आली होती ना, तो काळा गाऊन आणि हातात काळे लांब मोजे. मी म्हटलं भाऊ, तुमचा मागचा पडदा काळा, त्याच्यापुढे काळा गाऊन घातला तर पब्लिकला नुसतं मुंडकं दिसेल. मग लाल म्हणे, तर लाल मॅटवर लाल गाऊन काय दिसणार. शेवटी रामा कलर ठरला. सात मीटर सॅटिन, घेर फुगवायला तीन मीटर कॅनकॅनची कडक जाळी, खाली अस्तर, आणि शिलाई मी पंधराशे सांगितली ती भाऊनं बाराशेवर आणली, सीझनच्या शेवटी सगळ्या कंपन्या अशाच रडतात.

रविवारी रात्री शिवायला बसली आणि लाईन गेली. मोटर बंद, मग पायमशीनवरच, चार्जिंगचा बल्ब लावून. पहाटे साडेचारला पोरगी उठली, म्हणे आई ऑस्कर सुरू झाले, आणि तिनं मोबाईल खिडकीच्या गजाला रुमालानं बांधून ठेवला कारण आमच्या घरात रेंज फक्त तिथेच येते. मी शिवून राहिली, ती सांगून राहिली कोण आलं, कोणी काय घातलं. मध्येच कपड्यांचं अवॉर्ड आलं, बेस्ट कॉस्च्यूम डिझाईन, आणि ते द्यायला जो माणूस आला तो कपडेच न घालता आला! जॉन सीना, तो कुस्तीवाला, पुढे नुसतं पाकीट धरून. नेमकी तेव्हाच सासू चहा घेऊन आली.

"हे काय पाहून रायल्या गं मायलेकी?"

पोरगी म्हणे, आजी, कपड्यांचं अवॉर्ड आहे.

"म्हून त्याले कपडे देऊन रायले का बिचाऱ्याले?"

आम्ही हसून हसून बेजार. पण मी एक गोष्ट बघितली, नावं वाचेपर्यंत स्क्रीनवर सिनेमे दाखवत होते तेवढ्या वेळात त्या माणसाला पडद्यासारखं कापड गुंडाळून तयार केलं होतं त्यांनी, परत दाखवला तर अंगभर झाकलेला. याला म्हणतात काम. नाटकात आमचं रोज हेच असते, एक पात्र बाहेर गेलं की दोन मिनिटात दुसऱ्या कपड्यात परत.

ते अवॉर्ड पुअर थिंग्ज सिनेमाला गेलं, हॉली वॉडिंग्टन नावाच्या बाईला. पोरगीनं विचारलं आपल्याकडे कोणाला भेटलं का असं, तर मी मशीन थांबवून सांगितलं, भानू अथैया, कोल्हापूरच्या, 1983 मध्ये, गांधी सिनेमाच्या कपड्यांसाठी, एका इंग्रज डिझायनरसोबत वाटून भेटलं पण भारताचं पहिलं ऑस्कर तेच. म्हणजे पहिलं ऑस्कर हिरोला नाही, हिरोईनला नाही, कपड्याला. हे मी येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांना सांगत असते, ब्लाउजचं माप देताना बायकांना ऐकावंच लागते.

मग उजाडलं, लाईन आली, आणि पोरगी ओरडली आई बघ बघ. बेस्ट ॲक्ट्रेसचं नाव पुकारलं होतं, एमा स्टोन, सिनेमा तोच पुअर थिंग्ज, आणि ती बाई स्टेजवर येऊन पाठ दाखवून राहिली की माझा ड्रेस तुटला. चैन! फिक्या हिरव्या रंगाचा ड्रेस, लुई व्हिताँचा, आणि मागची चैन उसवलेली. ती म्हणे ते बार्बी सिनेमातलं रायन गॉसलिंगचं केनवालं गाणं चाललं होतं तेव्हाच तुटली असेल. आता बघा, ज्या सिनेमाला कपड्यांचं अवॉर्ड भेटलं त्याच सिनेमाच्या हिरोईनचा स्वतःचा ड्रेस त्याच रात्री फाटला. नंतर म्हणे मागे नेऊन शिवून दिला तिला. मला ती शिवणारी बाई कोण ते बघायचं होतं, पण तिला कोण दाखवते.

माझ्या मांडीवर रामा कलरचा गाऊन होता आणि त्याला मी वडशाच्या बाजारातली पंधरा रुपयाची कन्सील चैन लावली होती. पोटात गोळाच आला एकदम.

लगेच ती चैन उसवली, जाड दातांची लावली, वरून तीन हूक. आणि दोन्ही बाजूच्या शिलाईत दोन दोन बोटं माया ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, अंग भरलं तर उसवून ढिलं करायला. माझे मामाजी, म्हणजे सासरे, त्यांनीच मला मशीनवर बसवलं, त्यांचं एकच म्हणणं होतं की गिऱ्हाईक कितीही म्हणो, माया कापायची नाही.

दुपारी हिरोईन ट्रायलला आली. नागपूरची पोरगी, चोवीस-पंचवीसची, सलग रात्री जागून डोळे सुजलेले, पण मोठी गोड. गाऊन घातला आणि आरशात बघून म्हणे, "ताई, कमरेत अजून टाईट करा ना, आणि हे आतलं कापड टोचते, कापून टाका." मी म्हटलं टाईट करते, कापणार नाही. मॅनेजर म्हणे कापा ना जी, फिटिंग येत नाही त्याच्यानं. बरीच वादावादी झाली. शेवटी मी माया दुमडून आतमध्ये कच्चे टाके मारले, म्हणजे टोचणारही नाही आणि राहीलही. मॅनेजरला सांगितलं कापली. खोटं बोलली, हो.

रात्रीचं गाव नदीपलीकडे होतं. मॅनेजर म्हणे तुम्हीच चाला ताई, कपडे बदलायला फक्त एका कॉमेडीच्या प्रवेशाएवढा वेळ आहे. गेली. पेंडॉल भरलेला, बायका पोरं घोंगड्या घेऊन बसलेली, बाहेर चहा-भज्याची दुकानं. तिथे आधीच भांडण चालू होतं, मंडपवाल्याचं लाल मॅट लग्नात गेलं होतं आणि त्यानं हिरवं आणलं, आता रेड कार्पेट हिरवं कसं. मी म्हटलं आणा तेच, 2023 ला ऑस्करवाल्यांनीही लाल सोडून शॅम्पेन रंगाचं टाकलं होतं, 1961 पासून पहिल्यांदा. मॅनेजर म्हणे शॅम्पेन म्हंजे? मी म्हटलं दारूच्या रंगाचं. मग कोणी काही बोललं नाही. अवॉर्ड म्हणून कबड्डीची ट्रॉफी होती, वरच्या खेळाडूला सोनेरी कागद गुंडाळलेला. खरं ऑस्कर पावणेचार किलोच्या वर असते म्हणे, आमचं एका हातात मावणारं.

नाटक अकराला सुरू झालं. तिसरा अंक आला तेव्हा तीन वाजले होते. कॉमेडीवाला स्टेजवर गेला, हिरोईन लुगड्यात धावत आत आली, गाऊन चढवला, चैन ओढली, आणि ती अर्ध्यात अडकली. ओढली, नाही. श्वास आत घे म्हटलं, घेतला, तरी नाही. मी विचारलं जेवलीस का? तर म्हणे पाटलाच्या घरी मटण होतं ताई, आग्रहच केला. दुपारी उपाशीपोटी माप दिलं आणि रात्री मटण! मी अजून एकदा जोर लावला आणि चैनीचं कुलूप माझ्या हातात आलं.

तेव्हा काय वाटलं सांगू का, पहिली एमा स्टोनच आठवली. त्यांच्याकडे मागे शिवणारी होती, इथे मीच. मेकअपवाल्याला म्हटलं टॉर्च धर. ब्लेडनं दोन्ही बाजूच्या शिलाया खालपासून वरपर्यंत उसवल्या, माया सोडली, आणि मोठ्या सुईनं अंगावरच शिवायला घेतलं. आमच्याकडे अंगावर शिवताना तोंडात काडी धरायला लावतात, तीही बिचारी तोंडात काडी धरून उभी, तिकडून प्रॉम्प्टर तिला डायलॉग आठवून देऊन राहिला आणि ती काडीसकट हुं हुं करून राहिली. बाहेर कॉमेडीवाल्याला खूण केली लांबव, त्यानं लांबवलं, सरपंचाच्या म्हशीवर पाच मिनिटं काढली, त्या माणसाला खरं तर वेगळं बक्षीस द्यायला पाहिजे होतं. बाजू बसल्या, पण चैनीची जागा तशीच, तिथे नुसते धाग्याचे फास ओढून ठेवले. मी तिच्या कानात सांगितलं, "काही कर पण वाकू नको. वाकलीस की सगळं उघडं पडन."

आणि तिच्या प्रवेशात वाकायचंच होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रवेश असा की ती ट्रॉफी घेते, खाली पहिल्या खुर्चीवर तिची माय बसलेली असते, फाटक्या लुगड्यात, पोरगी उतरून येते आणि मायच्या पाया पडते, म्युझिक, पडदा. पोरगी हिरव्या मॅटवरून शेपूट ओढत आली. मायसमोर आली. वाकायला गेली आणि अर्ध्यात थांबली. मी विंगेतून बघून राहिली, तिचा एक हात मागे पाठीवर गेला, दुसरा मायच्या पायाकडे, आणि पोचेना. ऑर्गनवाल्यानं सूर धरला होता, त्यानंही सोडला. पब्लिकला काय माहीत मागे धागे आहेत, त्यांना एवढंच दिसलं की ही एवढी मोठी झाली की आता मायच्या पायापर्यंत हात जात नाही. ती काहीच बोलली नाही. डायलॉग होता दोन पानाचा, सगळा सोडला. नुसती त्या अर्ध्या वाकलेल्या अंगानं मायकडे बघत राहिली आणि डोळ्यातून पाणी. ते पाणी खरं होतं, भीतीचं असेल, पण खरं.

माय झालेली बाई जुनी, चाळीस वर्षं स्टेजवर काढलेली. ती खुर्चीवरून उठली, पोरीच्या मागे गेली, तो उसवलेला गाऊन बघितला आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर काढून तिच्या पाठीवर टाकला. कुठल्याही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. पेंडॉलमध्ये आवाज नाही, एक लेकरू रडून राहिलं होतं तेवढंच. मग मागून कोणीतरी बाई हुंदका देऊन रडली आणि मग सगळा पेंडॉलच.

पडदा पडला तर माईकवर बक्षिसं सुरू, अमक्याकडून 101, तमक्याकडून 51, बचत गटाच्या महिलांकडून 200, वाचणारा दमला. आमच्याकडचं अवॉर्ड असं हातोहात असते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना 2023 ला या नाटकांसाठी पद्मश्री भेटली तेव्हा वडशात फटाके फुटले होते, पण रोजच्या रात्रीचं पद्मश्री हेच, एक्कावन रुपये.

मी आत पोरीचे धागे कापून राहिली होती तर मॅनेजर पळत आला. मला वाटलं आता पैसे कापते. तर म्हणे, "ताई, जमलं ना जी! उद्याच्या गावातपन असंच ठेवा. चैन लावूच नोका." मी म्हटलं भाऊ, तुमची हिरोईन पोटभर जेवली म्हणून हे झालं. "मंग जेवू घालतो ना तिले रोज!"

दुसऱ्या दिवशी मी चैन काढून टाकली, मागे भोकं पाडून नाडी ओवली आणि आतून त्याच सॅटिनची पट्टी लावली. आता ती पाहिजे तेवढी वाकू शकत होती, गाऊनला काही होणार नव्हतं. पण वाकायची नाही, रोज अर्ध्यात थांबायची, आणि माय पदर टाकायची. आठ दिवसांनी शेजारच्या गावात प्रयोग होता तेव्हा मी पोरीला घेऊन बघायला गेली. टाळ्या पडल्या, बक्षिसं पडली. पण तिचा हात पाठीवर जरा लवकरच गेला, मायजवळ पोचायच्या आधीच. पब्लिकला नाही समजलं, मला समजलं, कारण तिथे आता नाडी होती आणि गाठ मीच मारली होती.

बाराशेपैकी नऊशे भेटले. तीनशे पुढच्या सीझनला देतो म्हणे.