बियाण्याच्या पावतीमागं 32

"बत्तीस कमी पडले की हो!" लातूरच्या अडत बाजारात, चहाच्या टपरीवर शेजारचे काका म्हणाले. 2024 च्या लोकसभा निकालाचा दिवस. टीव्हीवर भाजप 240, बाहेर गुलाल.

काकांनी बियाण्याच्या पावतीमागं बहुमताच्या 272 मधून 240 वजा केले होते. खाली मित्रपक्षांचे खासदार: चंद्राबाबूंचे 16, नितीशकुमारांचे 12.

"हे आता आपापल्या राज्यासाठी मागून घेतेल. आपल्या सोयाबीनचं कोन बोलंल?"

हमीभाव तेव्हा क्विंटलला 4600 रुपये होता, बाजारात त्याहून कमी. मराठवाड्यानं 8 पैकी 7 जागा महाविकास आघाडीला दिल्या. त्या रागात हा भावही होता, असं मला ठाम वाटतं. मिलीजुली सरकार मला वाईट वाटत नाही, उलट त्यात दुसऱ्याचं ऐकावं तरी लागतं. पण काकांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्यांनी पावती नीट घडी घालून खिशात ठेवली. पेरणी तोंडावर आली होती.

आपले आठही खासदार सोयाबीनसाठी एकदा तरी सोबत उभे राहतील का?