बीकनचं कीइंग: क्लिक नको, चर्प नको

हॅम रेडिओतला बीकन म्हणजे दिवसरात्र तेच ते मोर्समध्ये बोलत राहणारा ट्रान्समीटर. साध्या ट्रान्समीटरमधला कीइंगचा, म्हणजे मोर्सप्रमाणे सिग्नल चालू-बंद करण्यातला, दोष दोन मिनिटं खपून जातो, बीकनमधला चोवीस तास शेजाऱ्यांच्या कानात जातो. म्हणून वॉट वाढवण्याआधी कीइंग नीट करा.

१० मीटरच्या बँडवर (२८ मेगाहर्ट्झच्या आसपास) १ वॉट पुष्कळ झाला. २८.२०० मेगाहर्ट्झ मात्र सोडा. तिथे आंतरराष्ट्रीय साखळीतली १८ बीकन आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात, कोलंबोचं ४एस७बी त्यांतलंच.

पहिला नियम: ऑसिलेटरला (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागाला) की, म्हणजे चालू-बंद करणारा स्विच, लावायची नाही. लावली की प्रत्येक डॅशच्या सुरुवातीला फ्रिक्वेन्सी सरकते आणि ‘चिऊ’ असा आवाज येतो, तो चर्प. ऑसिलेटर सतत चालू, की फक्त ड्रायव्हर आणि फायनल या त्यापुढच्या अँप्लिफायरच्या टप्प्यांच्या १२ व्होल्टला. ऑसिलेटर म्हणून एसआय५३५१ ही चिप वापरत असाल तर त्याचं आउटपुट अक्षरापुरतं उघडा: कीच्या ५ मिलिसेकंद आधी चालू, १० नंतर बंद. नाहीतर की वर असतानाही बारीक कॅरिअर (सलग सिग्नल) ऐकू येत राहतो.

आता १२ व्होल्ट कसे तोडायचे? बीडी१४० सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर चालतो, पण त्याचा बेस करंट लोडप्रमाणे बदलतो आणि डॅशची शेपटी सुरुवातीपेक्षा लांबते. पी-चॅनल मॉसफेट बरा. आयआरएफ९५४० मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सहज मिळतो. सोर्स १२ व्होल्टला, ड्रेन ट्रान्समीटरकडे. गेट ते सोर्स १० के (किलोओहम) चा रेझिस्टर. गेटपासून १२ के घेऊन बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, त्याचा एमिटर ग्राउंडला. गेट ते ड्रेन ०.१५ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, आकार देण्याचं खरं काम तो करतो.

हिशोब असा. मॉसफेट चालू किंवा बंद होत असतो तेव्हा गेट सोर्सपेक्षा साधारण साडेतीन व्होल्ट खाली थांबलेलं असतं. १० के मधून ०.३५ मिलिअँपिअर, १२ के मधून ०.७. म्हणजे चढताना आणि उतरताना दोन्हीकडे कपॅसिटरला ०.३५ च्या आसपास मिळतो, आणि १२ व्होल्टचा चढ सुमारे ५ मिलिसेकंदांत होतो. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाला डॉट १०० मिलिसेकंदांचा असतो, त्यात हे छान बसतं. डॉट-डॅशच्या कडा एकदम उभ्या ठेवल्या तर क्लिक आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सीवर पसरतात. थ्रेशोल्ड (मॉसफेट चालू व्हायला लागणारा गेटचा व्होल्टेज) नगागणिक २ ते ४ व्होल्ट असतो, तेव्हा ऑसिलोस्कोपवर बघून १० के थोडा बदलावा लागेल.

मॉसफेट उलटा लावला तर आतला डायोड वाहतो आणि ट्रान्समीटर कायमचा चालू राहतो. टॅब ड्रेनला जोडलेला असतो, तो चेसिसला टेकू देऊ नका. मोठा इलेक्ट्रोलिटिक, समजा ४७० मायक्रोफॅरड, मॉसफेटच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला. पलीकडे, ट्रान्समीटरच्या बाजूला, फक्त ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड. सवयीने तिथे १०० मायक्रोफॅरड टाकला की वरचा सगळा हिशोब पाण्यात: चढताना करंट उसळतो, उतरताना शेपटी लोंबते.

बीसी५४७ च्या बेसला की चालवणाऱ्या आर्डुइनो कंट्रोलर बोर्डाच्या पिनपासून ४.७ के, आणि बेस ते ग्राउंड १० के. हा दुसरा रेझिस्टर लोक विसरतात. बोर्ड रीसेट होताना पिन तरंगत असते, बेस अधांतरी राहिला तर मधूनच की दाबली जाते.

डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) सुरळीत आणि अँटेना लावली की डॅशवरच अडकलं, असं झालं तर प्रोग्रॅम तपासत बसू नका. आरएफ, म्हणजे ट्रान्समीटरचा रेडिओ सिग्नल, कंट्रोलरमध्ये शिरतोय. कीइंगच्या तारेत १०० ओहम, पिनपाशी १ नॅनोफॅरड ग्राउंडला, आणि कोअॅक्सवर (अँटेनाच्या केबलवर) फेराइट. अडकलेल्या डॅशमुळे फायनल जळू नये म्हणून वॉचडॉग टायमरही (प्रोग्रॅम अडकला तर कंट्रोलर रीसेट करणारा) चालू ठेवा.

संदेश छोटा: कॉलसाइन, ग्रिड, म्हणजे जागेचा सांकेतिक पत्ता (पुण्याचा एमके६८), मग ५ सेकंदांचा डॅश. फायनलचा हीटसिंक त्या डॅशवर तपासायचा, डॉटवर नाही. लो पास फिल्टर अर्थातच हवा, दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट) ५६ मेगाहर्ट्झच्या वर येतो. आणि माणसाशिवाय चालवायचं असेल तर परवान्यात ते बसतं का, हे आधी लेखी विचारून घ्या.