कोन किती होता?

अकरावीत साध्या लंबकाच्या प्रयोगाची वही सरांनी परत दिली, तेव्हा तिच्यावर लाल शाईत एकच शब्द होता : 'कोन?' दोऱ्याची लांबी, दहा आंदोलनांचा वेळ, आलेख, सगळं जागच्या जागी होतं. गोळा किती अंशांतून सोडला तेवढं लिहायचं राहिलं होतं. 'कोन लहान असावा' असं पुस्तकात होतं, मला ते पुरेसं वाटलं होतं. "लहान म्हणजे किती?" यावर मी गप्प. मग मधल्या सुट्टीत सरांनी प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. (डबा राहिला तो राहिलाच.)

दोरा एक मीटरचा. पाच अंशांवर दहा आंदोलनांना २०.१ सेकंद लागले. मग सरांनी गोळा थेट ६० अंशांवर नेऊन सोडला आणि वेळ २१ सेकंदांच्या पुढे गेला. मी पुन्हा मोजलं, कारण दोलनकाळ (एका आंदोलनाचा वेळ) आयामावर, म्हणजे झोक्याच्या सर्वात मोठ्या कोनावर, अवलंबून नसतो हे वाक्य मला तोंडपाठ होतं. "गॅलिलिओलाही तसंच वाटायचं," सर म्हणाले. आयाम कितीही असो, वेळ तेवढाच हवा असेल तर गोळा वर्तुळावरून नव्हे, सायक्लॉइडवरून (घरंगळत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या वक्रावरून) फिरवावा लागतो, हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या १६७३ च्या ग्रंथात आहे.

मग फळा. लंबकाच्या समीकरणात कोनाचा साइन येतो; लहान कोनाला त्याच्या जागी नुसता कोन चालतो. सरांनी तसं न करता त्यातून कोनाच्या घनाचा सहावा भाग वजा केला. समीकरण लगेच अरेषीय झालं, आमच्या ओळखीच्या फलनांनी सुटेना. सरांनी चक्क उत्तरच गृहीत धरलं : गती कोसाइनसारखीच, फक्त वारंवारता अज्ञात. कोसाइनचा घन आला. तो फोडला की पाऊण भाग मूळ कोसाइनचा आणि पाव भाग तिप्पट वारंवारतेचा. हा पाव भाग त्यांनी सरळ पुसून टाकला! मला ती लबाडी वाटली. उरलेल्यातून निघालं की दोलनकाळ आयामाच्या वर्गाच्या सोळाव्या भागाने वाढतो, आयाम अर्थात रेडियनमध्ये. ६० अंशांना ही वाढ ६.९ टक्के, नेमकं गणित ७.३ सांगतं. आमची त्याहून कमी भरली, कारण हवेमुळे झोका लहान होत जातो.

पुढे पदवीला हेच समीकरण मी शिस्तीत, पायरीपायरीने सोडवलं, तर उत्तरात 'काळ गुणिले साइन' असं, काळाबरोबर वाढतच जाणारं पद आलं. म्हणजे कुणी न ढकलता लंबक दर फेरीला आणखी उंच! आकडेमोड चारदा तपासली, चूक सापडेना. लिंडस्टेट या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने ही अडचण एकोणिसाव्या शतकातच सोडवली होती : वारंवारता आधीच पक्की धरायची नाही, तिलाही पायरीपायरीने दुरुस्त करत जायचं. सरांनी ती फळ्यावर अज्ञातच ठेवली होती की!

ती वही अजून माझ्याकडे आहे. लाल 'कोन?'च्या खाली माझ्या अक्षरात '५ अंश' आहे आणि शेजारी सरांची सही. तो कोन मी मोजला नव्हता.