लॅब्रॅडॉरचे खुबे: औषधाइतकंच महत्त्वाचं वजन आणि फरशी

पहाटे उठताना मागचे पाय आखडायचे, दहा मिनिटं चालल्यावर मोकळे व्हायचे. जिन्यावर दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलले जायचे. आमच्या आठ वर्षांच्या, ३८ किलोच्या लॅब्रॅडॉरचं दुखणं खुब्याच्या सांध्यांत निघालं. नाशिकच्या डिसेंबरात ते जास्तच जाणवतं. ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. तो आळशी झालेला नसतो, त्याला दुखत असतं.

एक्स-रे भूल देऊन काढला, म्हणून आदल्या रात्रीपासून खाणं बंद. उताणं झोपवून मागचे पाय सरळ ताणून धरावे लागतात. कंबर जरा तिरकी आली तरी खुब्याची वाटी किती उथळ आहे ते नीट कळत नाही. भुलीच्या आधीच रक्त तपासून घेतलं: किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लिव्हरसाठी एसजीपीटी, कारण पुढचं औषध किडनी-लिव्हरवर ताण देणारं.

ते औषध मेलोक्सिकॅम, दुखणं आणि सूज कमी करणारं. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज एकदा ०.१. म्हणजे ३८ किलोला ३.८ मिलिग्रॅम, एका मिलीत दीड मिलिग्रॅम असलेलं पातळ औषध साधारण अडीच मिली, सिरिंजने मोजून, जेवणानंतरच. सोबत स्टिरॉइड चालत नाही. उलटी झाली किंवा शी डांबरासारखी काळी दिसली की डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कधीही देऊ नका. आणि आपल्याकडे हे सांगायलाच हवं: द्राक्षं, बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात. घरात पेटी आली की ती उंचावर.

खरा फरक वजनाने पडला. डॉक्टरांनी ३२ किलोचं लक्ष्य दिलं आणि त्या वजनाच्या हिशेबाने दिवसाला साधारण ९४० कॅलरी. खाणं वाटीने नाही, काट्यावर ग्रॅममध्ये मोजायचं. आठवड्याला ३००-४०० ग्रॅम उतरलं की पुरे. त्याहून घाई केली तर मांड्यांचे स्नायूही झिजतात. गणित बिघडतं ते पोळीच्या तुकड्यांनी. घरातला प्रत्येक जण ‘एकच’ देतो, चार जणांचे मिळून अख्खी पोळी होते, म्हणजे शंभरेक कॅलरी. वजन दर रविवारी धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर.

गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात आणि दुखरा सांधा पुन्हा ताणला जातो. पाणी, जेवण आणि झोपायची जागा जोडणारी रबरी मॅटची सलग पट्टी टाकली. मध्ये हातभर फट राहिली तर नेमका तिथेच घसरतो. नखं कापली, पंजाच्या गाद्यांमधले केसही. जिन्यावर पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, टॉवेल घालून भार उचलायचा.

चाळीस मिनिटांच्या एका फेरीऐवजी बारा-बारा मिनिटांच्या तीन, मातीवर, पट्टा लावून. चेंडू फेकणं पूर्ण बंद, कारण झेप आणि गर्रकन वळणं खुब्याला सर्वांत वाईट. दर महिन्याला शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागी मोजतो. जी बारीक होत जाईल, त्या पायावर तो भार टाकत नाहीये.