सुट्टीतली गर्दी: सोसायटीची जिम, तलाव आणि मे महिन्याचं वेळापत्रक

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की क्लबहाउस असलेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या सोसायटीत एकच तक्रार सुरू होते. जिममध्ये पोरांनी उच्छाद मांडलाय, तलावात हातपाय हलवायला जागा नाही. मग ग्रुपवर जुंपते. एक म्हणतो, "मेंटेनन्स आम्ही भरतो ते यासाठी का?" दुसरा म्हणतो, "मग मुलांनी जायचं कुठे, रस्त्यावर?" दोघांचंही खरं आहे, म्हणूनच हे भांडण दरवर्षी जिथल्या तिथे राहतं.

माझं मत स्पष्ट आहे. दोष मुलांचा नाही आणि तक्रार करणाऱ्यांचाही नाही. शाळा चालू असतानाचं वेळापत्रक सुट्टीतही तसंच ठेवणाऱ्या कमिटीचा आहे. एप्रिल ते जूनसाठी वेगळं वेळापत्रक आणि एका वेळी किती जण आत, याचा ठरलेला आकडा, या दोन गोष्टी १० एप्रिलच्या आत नोटीस बोर्डावर लागल्या की निम्मी तक्रार उद्भवतच नाही.

आधी झळ कोणाला बसते ते पाहा. सकाळी ६ ते ८ जिमला जाणाऱ्या नोकरदारांना फारशी नाही, कारण सुट्टीत मुलं इतक्या लवकर उठत नाहीत. खरी अडचण होते ती १० ते १२ या वेळात येणाऱ्या गृहिणींची आणि संध्याकाळी ४ ते ६ मध्ये येणाऱ्या ज्येष्ठांची. एरवी या वेळा शांत असतात म्हणून तर त्यांनी त्या निवडलेल्या असतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तलावात चालायला येणाऱ्या आजींच्या अंगावर कोणी बॉम्ब मारून उडी घेतली, तर त्या ग्रुपवर लिहीत नाहीत, यायचं बंद करतात. कमिटीच्या हिशेबी तक्रार आलीच नाही. त्यामुळे वेळापत्रक करताना पहिली जागा या दोन गटांची राखा: जिम सकाळी १० ते १२ आणि तलाव संध्याकाळी ४ ते ५ फक्त मोठ्यांसाठी.

मुलांना जिमसाठी दुपारी १२ ते २ द्या. उन्हात खाली खेळता येत नाही आणि एसी हवा असतो, मुलं जिममध्ये घुसण्याचं खरं कारण बरेचदा तेवढंच असतं. तलाव त्यांना सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७ द्या. छत नसलेला तलाव ११ ते ४ सगळ्यांसाठी बंद ठेवलेला बरा. मेच्या उन्हात अंग भाजतं आणि पाण्यातलं क्लोरीनही झपाट्याने उडतं.

आता आकडा. तलावासाठी एका माणसामागे ३ चौरस मीटर पृष्ठभाग हा सोपा हिशेब. १५ मीटर लांब, ७ मीटर रुंद तलाव म्हणजे १०५ चौरस मीटर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३५ जण. मुलांच्या बॅचला मी २५ च्या वर जाणार नाही, कारण मुलं ओळीत पोहत नाहीत, सगळीकडे असतात. आकडा पाळायला नुसतं रजिस्टर पुरत नाही. दाराशी फळीवर २५ रबरी बँड टांगा. बँड मनगटात घालायचा आणि आत जायचं, फळी रिकामी झाली की पुढच्याने थांबायचं. सिक्युरिटीला कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही. बॅच ४५ मिनिटांची, पुढची १५ मिनिटं तलाव रिकामा. त्या वेळात पाणी तपासायचं, जाळी साफ करायची.

पाहुण्यांचा नियमही याच बँडवर बसवा. मामाकडे, मावशीकडे आलेली भाचरं ही सुट्टीतली निम्मी गर्दी असते आणि ती येणारच, यावीतच. पण एका फ्लॅटमागे एका बॅचला दोनच पाहुणे, पाहुण्यांच्या बँडचा रंग वेगळा, आणि घरचं एक मोठं माणूस सोबत.

मोठ्यांना मुलांच्या वेळेतच पोहायचं असेल तर तलावात लांबीच्या दिशेने एक लेन दोर टाका. ७ मीटर रुंदीतले दीड-दोन मीटर त्यांना मिळतात, उरलेले ५ मुलांना. हुक भिंतीत पक्के बसवलेले हवेत. दोर ढिला राहिला की मुलं त्यावर लोंबकळतात आणि हुक उखडून येतो.

तलावाच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गर्दीचा सगळ्यात मोठा तोटा तिथे होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वरच्याच तलावाची सरासरी खोली १.२ मीटर धरली तर पाणी होतं १,२६,००० लिटर. मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, १ ते ३ पीपीएम (दर दहा लाख भागांत एवढे भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, ७.२ ते ७.६ ठेवायचा असतो. ९० टक्क्यांच्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) या क्लोरीन पावडरचे सुमारे १४० ग्रॅम टाकले की या तलावात १ पीपीएम वाढतं. एरवी संध्याकाळी एकदा डोस दिला की भागतं. सुट्टीत दोन बॅचमध्येच क्लोरीन शून्यावर येऊ शकतं. घाम, डोक्याचं खोबरेल तेल, सनस्क्रीन आणि लघवी, हे सगळं ते खातं. "क्लोरीनचा फार वास येतोय, डोळे चुरचुरतात, जास्त टाकलंय वाटतं," अशी तक्रार आली की ऑपरेटर डोस कमी करतो. होतं नेमकं उलट. तो वास क्लोरीनने घामा-लघवीशी संयोग पावून झालेल्या क्लोरामाइनचा असतो, आणि तो आला म्हणजे मोकळं क्लोरीन कमी पडलंय. अशा वेळी रात्री तलाव बंद करून संयुक्त क्लोरीनच्या, म्हणजे क्लोरामाइनमध्ये अडकलेल्या क्लोरीनच्या, दहापट डोस द्यावा लागतो. संयुक्त ०.५ पीपीएम असेल तर ५ पीपीएम.

हे कळायला किट योग्य हवं. पिवळा रंग दाखवणारं ओटीओ किट फक्त एकूण क्लोरीन सांगतं. सुट्टीपुरतं तरी गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या, त्यात मोकळं आणि एकूण वेगवेगळं मोजता येतं. दोन्हींतला फरक म्हणजे संयुक्त.

टीसीसीएचा आणखी एक तोटा मेअखेर दिसतो. त्यातल्या प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनमागे पाण्यात साधारण ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल साठतं, आणि ते उडून जात नाही. रोज ३ पीपीएम टाकत गेलात तर महिन्याभरात ५० च्या वर जातं. ३० ते ५० पर्यंत ते उन्हापासून क्लोरीनचं रक्षण करतं, १०० च्या पुढे गेलं की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही आणि पाणी हिरवट व्हायला लागतं. उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं. मे महिन्यात जिथे टँकर बोलवावे लागतात तिथे हा उपाय कोणाला परवडणार? म्हणून सुट्टीत निम्मा डोस द्रव सोडियम हायपोक्लोराइटचा द्या, त्यात हे आम्ल नसतं. आणि टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनची दुसरी पावडर) कधीही एका बादलीत, एका डबड्यात, एका चमच्याने हाताळू नका. दोन्ही एकत्र आली की पेट घेतात, स्फोटही होतो.

सुती टी-शर्ट आणि बर्म्युडा घालून मुलांना तलावात सोडू नका. सुताचे तंतू पंपाच्या गाळणीत अडकतात, प्रवाह मंदावतो. गाळणीची टोपली सुट्टीत रोज काढून धुवायची आणि वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने (दाबाचं एकक) वाढला की बॅकवॉश घ्यायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. आत जाण्याआधी साबण लावून अंघोळ, केसांत तेल असेल तर टोपी. नुसतं शॉवरखालून पळत जाणं ही अंघोळ नाही.

बेबी पूल सगळ्यात आधी बिघडतो. ४ बाय ३ मीटर आणि अर्धा मीटर खोल म्हणजे अवघं ६,००० लिटर पाणी, त्यात दहा बाळं. दर तासाला तपासा. कोणी शी केली आणि ती घट्ट असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, जाळीने उचला, मोकळं क्लोरीन २ पीपीएम आणि पीएच ७.५ च्या आत आणून २५ मिनिटं तसंच ठेवा. जुलाब असेल तर तेवढ्याने भागत नाही, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्ये दिवसचे दिवस टिकतो. त्यासाठी २० पीपीएम पावणेतेरा तास लागतं, तेही पाण्यात सायन्युरिक आम्ल नसेल तर. छोट्या तलावाचं पाणी सरळ काढून टाकलेलं सोपं. बेबी पूल आणि मोठ्या तलावाचा फिल्टर एकच असेल तर दोन्ही बंद करा. जुलाब झालेल्या मुलाला बरं झाल्यावरही दोन आठवडे पाण्यात आणू नका.

जीवरक्षकाने दहा सेकंदांत आपला सगळा भाग नजरेखालून घालायचा आणि वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोचायचं, असा नियम आहे. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, मदतीसाठी हातही हलवत नाही, तोंड वर करून उभ्याउभ्याच खाली जातं. २५ मुलांच्या गलक्यात ते ऐकू येत नाही. म्हणून दहा वर्षांखालच्या मुलासोबतचं मोठं माणूस पाण्यात, हाताच्या अंतरावर हवं. खुर्चीत मोबाइल घेऊन बसलेले बाबा मोजायचे नाहीत. तळाच्या निचऱ्याची जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर त्या दिवशी तलाव बंद, त्यात चर्चा नको. केस किंवा पाय ओढला जातो.

जिममध्ये सर्वात धोक्याची वस्तू ट्रेडमिल, आणि तिचा उपाय फुकट आहे. ट्रेडमिलच्या पॅनलवर दोरी लावलेली एक लाल चावी असते, तिला कपड्याला अडकवायची क्लिप असते. बहुतेक मशीन ही चावी काढली की चालूच होत नाहीत. पण बऱ्याच जिममध्ये चावी कायमची पॅनलला चिकटलेली आणि क्लिप लोंबकळत असते. मुलांच्या वेळेत सगळ्या चाव्या काढून ट्रेनरच्या टेबलाच्या खणात ठेवा. चालत्या पट्ट्यात मुलाचा हात सापडला तर काही क्षणांत कातडी सोलवटते, ती जखम भरायला महिने लागतात, कधी त्वचारोपण करावं लागतं. ट्रेडमिलच्या मागे दोन मीटर मोकळी जागा हवी, तिथे बेंच किंवा स्विस बॉल ठेवू नका.

स्पिन बाइकचं, म्हणजे जागेवर चालवायच्या सायकलचं, कोणाच्या लक्षात येत नाही. तिचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं, पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतं आणि घाबरून काढलेल्या पायाच्या नडगीवर येऊन आदळतं. अनेक बाइकवर रेझिस्टन्सचा नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो. मुलांना हे आधी दाखवा, आणि वापरात नसताना नॉब पूर्ण आवळून ठेवा. केबलच्या मशीनवर एक जण खेचत असताना दुसरा पिन बदलतो आणि बोट वजनांच्या मध्ये चेंगरतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना ही मशीन देऊच नयेत. ती मोठ्यांच्या मापाची असतात, सीट कितीही खाली घेतली तरी सांधा मशीनच्या धुरीशी जुळत नाही.

व्यायामाने मुलांची उंची खुंटते ही समजूत मात्र सोडून द्या. देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेला ताकदीचा व्यायाम मुलांना चांगलाच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम सांगते. तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना हाकलण्यापेक्षा १२ ते २ मध्ये क्लबहाउसच्या हॉलमध्ये चटया टाका: सूर्यनमस्कार, दोरीउड्या, बैठका, भिंतीला टेकून जोर, दोन किलोचा मेडिसिन बॉल. एक ट्रेनर पंधरा मुलं सांभाळतो, आणि जिम मोकळी राहते.

दहावी-बारावीची परीक्षा दिलेली मुलं हा वेगळा गट आहे. त्यांना खरंच व्यायाम करायचा असतो, हातात मार्चपासून जूनपर्यंत वेळ असतो, आणि ती चौघं मिळून एक बेंच प्रेस अर्धा तास अडवतात. यांना दुपारच्या बॅचमध्ये ढकलू नका, रागावतील आणि नियम मोडतील. ट्रेनरसोबत तीन दिवस शिकवणी झाल्यावरच जिमचं कार्ड, एका बेंचवर दोघंच, कार्डिओ मशीन गर्दीत २० मिनिटं, सेटच्या मधल्या वेळेत दुसऱ्याने मागितलं तर द्यायचं, प्लेट जागेवर. हेच नियम मोठ्यांनाही लावा. बेंचवर बसून रील बघणारे काका असतील तर पोरं का ऐकतील?

कोणी नियम मोडला तर त्या मुलावर ओरडू नका, फोटो काढून ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. ट्रेनरला सांगा, त्याने मुलाला बाहेर बसवायचं आणि घरी फोन करायचा. आणि कमिटीकडे जाताना "फार गर्दी असते" असं मोघम लिहू नका. एक आठवडा रोज त्याच वेळी मोजा: तारीख, वेळ, आत किती जण, त्यात मुलं किती, मशीन मिळायला किती मिनिटं थांबावं लागलं. तो कागद जोडून सचिवांच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या. कमिटीची बैठक दर महिन्याला असते, मार्चच्या बैठकीत हा विषय आला तर १० एप्रिल गाठता येतं. पाहुण्यांची फी किंवा जास्तीच्या जीवरक्षकाचा पगार यांसारखा खर्चाचा विषय असेल तर तो सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतच मंजूर करून ठेवावा, नाहीतर एप्रिलमध्ये विशेष सभा बोलवत बसावं लागतं.

मशीनच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) एक भेट मार्चअखेर आणि एक जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तिथे जुलैत. दुसऱ्या भेटीत केबलचे तुटलेले धागे, सीटच्या पिना, ट्रेडमिलचा एका बाजूला सरकलेला पट्टा हे आवर्जून बघायला सांगा. बँडचं रजिस्टर फेकू नका, दिवाळीच्या सुट्टीतल्या बॅच त्यावरूनच ठरवता येतात.