ढग कुठं लिवलंयस, आज्जी?

आमच्या सीमाभागात थंडी पडली की रविवारी रविवारी साहित्य संमेलनं लागतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका, मग भाषणं आणि जेवण. मंडपाच्या कडेला एक टेबल माझं. त्यावर मुलांच्या रहस्यकादंबऱ्या, सगळ्या मीच लिहिलेल्या. नऊ झाल्या आता.

अशाच एका रविवारी सातवी-आठवीतली एक पोरगी आली. हातात माझंच पुस्तक, शाळेच्या लायब्ररीचा शिक्का मारलेलं. बोट घालून ठेवलेलं पान उघडलं आणि म्हणाली, “आज्जी, ह्या रात्री अनंत चतुर्दशी हाय न्हवं?”

“होय की.”

“मग एवढा मिट्ट काळोख कसा?”

मी गप्प. बेळगावात, कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीत, दिवे गेल्या गेल्या मूर्तीपुढचा चांदीचा उंदीर नाहीसा होतो. सगळं पुस्तक त्या काळोखावर उभं. आणि चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस! दिवस मावळायच्या आतच चंद्र वर आलेला असतो. उंदीर उचलणारा तर सोडाच, उंदराच्या मिशासुद्धा दिसल्या असत्या.

“ढग आले होते गं,” मी म्हटलं.

“ढग कुठं लिवलंयस, आज्जी?”

लाज वाटायचं आणखी एक कारण आहे. लिहायला लागण्याआधी सतरा वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. दुसऱ्यांच्या चुकांवर घर चालवलं म्हणा ना. ऱ्हस्वदीर्घ सुटत नव्हतं माझ्या नजरेतून, आणि इथं आख्खा चंद्र सुटला.

लिहायला लागले ती हट्टानं. लहानपणी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून आम्ही भावंडं वेडी झालो होतो. पण तो फुरसुंगीचा, शाळा पुण्यात. आमच्या शहापुरातल्या, अनगोळातल्या पोरांना चोर का सापडत नाहीत, हा प्रश्न मी आईला विचारला होता. “आपल्यात चोर हुशार असतात,” असं ती म्हणाली होती. ते उत्तर मला आजही पटलेलं नाही.

खरं तर सीमाभाग म्हणजे रहस्यकथेला तयार रान आहे. चोरानं बेळगावातून वेंगुर्ल्याची वाट धरली की शिनोळीला राज्य बदलतं. पोलीस बदलतात, गाडीवरचं केए २२ जाऊन एमएच ०९ दिसायला लागतं. मोबाईलनं रहस्यकथेचं फार वाटोळं केलं, कारण पोरगं संकटात सापडलं की बाबांना फोन लावतं, संपली गोष्ट. म्हणून मी माझ्या पोरांना जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या जंगलात नेते. तिथं रेंज आपण होऊन जाते.

आणि कन्नड आकडे! कन्नड एक म्हणजे तोंड न मिटलेला शून्य. घाईत कुणी खरडला तर मराठी डोळा त्याला शून्यच वाचणार. एका पुस्तकात पुण्याहून आलेला मावसभाऊ चिठ्ठीवरचा घर नंबर तसाच वाचतो आणि भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. खरं घर सापडतं ते वडगावच्या पोरीला, कारण ती शाळेत दोन्ही लिप्या शिकलेली. एका प्रकाशकानं सुचवलं होतं, “हे कन्नडचं काढा, आणि गाव जरा पुण्याजवळ न्या, सगळीकडे चालेल.” चार महिने हस्तलिखित त्यांच्याकडे पडून होतं. मी जाऊन परत आणलं. येताना एसटीत मांडीवर धरून बसले, जावळ काढलेल्या पोरासारखं.

मिळकतीचं विचारतात लोक, म्हणून सांगते. १२० रुपयांचं पुस्तक, मानधन १० टक्के, म्हणजे प्रतीमागं १२ रुपये. १००० प्रती खपल्या तर १२ हजार, आणि त्या खपायला पाच-पाच वर्षं. पेन्शन नाही, शिवणकाम आहे. ब्लाऊज शिवताना कथानक बरं सुचतं. उलटं बेतायचं, मग सुलट करायचं. शेवटचं प्रकरण मी आधी लिहिते. चोर कोण ते ठरलं की मागं येत खुणा पेरायच्या. माझा एकच नियम: डिटेक्टिव्ह पोराला जे दिसलं ते वाचणाऱ्या पोरालाही दिसलं पाहिजे. आयत्या वेळी कुणाचा जुळा भाऊ काढायचा नाही. खूनही नाही, चोऱ्या, बनावट माल, पळवलेलं वासरू एवढ्यावर भागतं.

तर चंद्र. पुढच्या आवृत्तीत एक वाक्य घाला म्हणून मी प्रकाशकांना पत्र लिहिलं, दोनदा फोनही केला. आवृत्ती निघाली, चंद्रासकट जशीच्या तशी. मग मी काय केलं, प्रत्येक प्रतीत पान ४३ वर समासात काळ्या पेनानं लिहायला लागले: ‘संध्याकाळपासून आभाळ गच्च भरून आलं होतं.’ तीनशेवर प्रती झाल्या असतील. सही नको, पण ते वाक्य लिहून द्या, असंही एकदोघांनी मागितलं.

यंदा ती पोरगी पुन्हा दिसली. उंच झालीय. मी कौतुकानं पान ४३ उघडून दाखवलं. तिनं वाचलं, दोन पानं पुढं गेली, जिथं रस्त्यावर सांडलेल्या गुलालात चोराचं सहा बोटांचं पाऊल उमटलेलं असतं.

“आभाळ एवढं भरलेलं, तर गुलाल धुऊन कसा गेला न्हाई?”

“पाऊस पडलाच नाही ना त्या रात्री!”

“मग त्येबी लिव की,” म्हणाली, आणि टेबलावरचं पेन माझ्यापुढं सरकवलं.